वॉचवर सुया नकोत

थर्ड ऑफिसर म्हणून निघालीस आणि बॅगेत लोकरही भरलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तर काकाच्या चार गोष्टी ऐकून जा. मी रेडिओ ऑफिसर. 1999च्या फेब्रुवारीत जीएमडीएसएस ही संकटसंदेशांची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि आमची जमातच बोटीवरून उतरली. त्याआधी कानाला हेडफोन आणि हातात सुया अशा पुष्कळ रात्री काढल्या. पण दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, 500 किलोहर्ट्झवर सगळ्यांनी तीन-तीन मिनिटं गप्प राहून कुणाचा एसओएस येतोय का ते ऐकायचं. रेडिओ रूमच्या घड्याळावर त्यासाठी लाल पट्टेच रंगवलेले असत. तेवढ्या वेळात सुया खाली. तुला तर ब्रिजवर ही चैन मुळीच नाही. तुझं काम कानांइतकंच डोळ्यांचंही आहे. आठ ते बाराच्या वॉचला विणकाम केबिनमध्येच राहू दे.

मग विणायचं कधी? चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्याला 77, हा नियम नुसता फॉर्म भरायला नाही. त्यातली झोप कापून विणायचं नाही. बोट पश्चिमेला चालली की घड्याळं तासभर मागे घेतात. तो फुकटचा तास तुझा. जपानकडे निघालात की तास जातो, तेव्हा आधी झोप. बंदरात कार्गो चालू असताना पिशवी उघडूच नकोस.

सुई घे ती केबलने जोडलेली, बांबूची. सुट्ट्या स्टीलच्या सुया बोट डोलायला लागली की बंकखाली जातात आणि साइन ऑफला केबिन आवरतानाच सापडतात. विमानात चेक-इनच्या बॅगेत टाक. सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालायची ती वेळ नव्हे. लोकर एकाच लॉटची, लागेल त्याहून एक गुंडा जास्त. पुढच्या बंदरात तोच रंग मिळाला तरी छटा जुळत नाही. आणि वीण सोपी. टाके मोजत बसावं लागतं ती नक्षी सुट्टीसाठी ठेव. फायर अलार्म तुझी ओळ पुरी होईपर्यंत थांबत नाही.

पोरासाठी स्वेटर करणार, हे न सांगता कळतं. पण निघतानाचं माप परत येईस्तोवर तोकडं होतं. म्हणून गळ्यापासून खाली वीण. खांदे आणि छाती बोटीवर उरक, छाती चार बोटं सैल धर. बाह्यांचे टाके जाड दोऱ्यात ओवून ठेव, खालचा घेर बंद करू नकोस. घरी आल्यावर त्याच्या अंगावर घालून बघ आणि मग लांबी वाढव. (रत्नागिरीत लोकर घालणार कोण, असं सासूबाई म्हणतीलच. त्यांचं बरोबर आहे. सुती दोरा घे.) दुसऱ्यांची वीण बघूनही शिक. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बंदरात सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. 1898 पासून तिथले स्वयंसेवक खलाशांसाठी टोप्या-मफलर विणतात आणि नाताळच्या सुमारास ते वाटले जातात. तुला मिळालीच एखादी टोपी, तर उलटी करून बघ. धाग्यांची टोकं कशी लपवलीत ते शिकण्यासारखं असतं.

हल्ली बोटीवर इंटरनेट असतं, त्यामुळे शाळेच्या डब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यात लक्ष घालावंसं वाटतं. नको. निघताना पगाराची अलॉटमेंट नवऱ्याच्या खात्यावर लाव, विम्याचे हप्ते, गॅसचा नंबर, सगळं एका वहीत लिही आणि मग त्याच्या कारभारात नाक खुपसू नकोस. फोन रोज नाही झाला तरी चालेल, वेळ ठरलेली हवी. पोराला मात्र तारीख सांगायची नाही. रिलीव्हर गँगवेवर दिसेपर्यंत साइन ऑफ कुणाचंच झालेलं नसतं. 'गणपतीला येते' म्हणालीस आणि बोट अँकरेजला अडकली, की त्याची समजूत घालता घालता घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

आल्यावर पहिले आठ दिवस स्वयंपाकघरातले डबे हलवू नकोस. तुझ्यामागे तिथे घर चाललेलं असतं. सासूबाई म्हणाल्या, एक बाही मी विणते, तर खुशाल दे. त्यांचा हात घट्ट, तुझा सैल. दोन बाह्या वेगळ्या दिसणार. दिसू देत, उसवायला बसू नकोस. फक्त त्यांना एक नंबर जाड सुई दे, म्हणजे त्यांची बाही मनगटापर्यंत तरी पोचेल.