थोडके पण पक्के गिऱ्हाईक : चित्रपट वितरणाचा हिशेब

चित्रपट म्हटला की नट-नट्या आठवतात. निर्माता आणि थिएटरवाला यांच्यामध्ये उभा असलेला वितरक कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक तोच या धंद्यातला घाऊक व्यापारी आहे. गिरणीतला माल पेठेपर्यंत न्यावा, तसा तो चित्रपट पडद्यापर्यंत नेतो. आपली काही तरुण मंडळी चित्रपटात पैसा घालण्याच्या गोष्टी करतात. त्यांनी आधी या मधल्या माणसाचा हिशेब समजून घ्यावा, नाहीतर वडिलांनी जमवलेली मुद्दल एका शुक्रवारी बुडते.

या धंद्यात देशाचे इलाखे पाडलेले आहेत आणि ते जुन्या राजवटींच्या हद्दींवरून आले आहेत. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, तरी चित्रपटवाल्यांच्या वहीत पुणे जिल्हा मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजाम इलाख्यात आणि विदर्भ सीपी-बेरारमध्ये मोडतो. वितरक एकेका इलाख्याचे हक्क घेतो. सौदे मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

(१) रोख खरेदी : ठरलेली रक्कम देऊन ठरलेल्या मुदतीचे हक्क विकत घ्यायचे. नफा आपला, तोटाही आपला.

(२) किमान हमी : वितरक निर्मात्याला एका रकमेची हमी देतो. ती रक्कम, जाहिरातीचा खर्च आणि कमिशन वसूल झाल्यावर वर उरेल त्याची वाटणी. हमीइतके उत्पन्न आले नाही, तर खड्डा वितरकाच्या पदरात.

(३) कमिशन : जो गल्ला येईल त्यावर ठरलेला टक्का. जोखीम निर्मात्याची.

आता थिएटरची बाजू पाहा. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा तंटा झाला व नवे चित्रपट दोन महिने अडले. तडजोडीत करवजा उत्पन्नातला वितरकाचा हिस्सा ठरला तो असा : पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. म्हणजे दिवस जातील तसा वितरकाचा वाटा घटतो. मोठ्या जाहिरातीचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत पैसा काढून घेतो. पण जो चित्रपट तोंडोतोंडी हळूहळू पसरतो, त्याचे प्रेक्षक येईपर्यंत वाटा खाली आलेला असतो, किंवा खेळच काढून टाकलेला असतो. लहान वितरक याच ठिकाणी मार खातो.

मग तो टिकतो कसा? गर्दीच्या मागे न धावता, आपले गिऱ्हाईक कोण, ते कोणत्या दिवशी मोकळे असते आणि त्याच्या खिशात किती असते, हे ओळखून.

आपल्याकडचे उदाहरण जत्रेतल्या तंबूचे. इनामगावसारख्या गावात बारमाही थिएटर बांधून परवडत नाही. परंतु यात्रेच्या दोन-चार दिवसांत पंचक्रोशी गोळा होते. टुरिंग टॉकीजवाल्यांनी हे गणित धरले. ट्रकवर प्रोजेक्टर, मैदानात तंबू, खाली जमिनीवर बैठक आणि तिकीट थोडके. शहरात चालून जुनी झालेली प्रिंट इथे पुन्हा कमाई करी. १९९१ चा ‘माहेरची साडी’ खेड्यातल्या बायाबापड्यांनी असा उचलून धरला, कारण तो त्यांच्याच घरातली गोष्ट सांगत होता. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड राहुट्या लावतात आणि गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या तारखा ठरवून जातात. तंबूचा धंदाही यात्रांच्या तारखांवरच चाले. पुढे घरोघर टीव्ही आला, प्रिंटचे रीळ जाऊन डिजिटल यंत्रे आली, आणि बहुतेक तंबू उठले. या तंबूवाल्यांवरच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात खास दखल घेतली गेली.

दुसरे उदाहरण मालेगावचे. कापडवाल्यांना हे गाव सांगायला नको. तिथे यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी कामगार करमणूक शोधतो. स्वतः व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांना हे गिऱ्हाईक पाठ होते. त्यांनी २००० साली गावचीच माणसे घेऊन, गावच्याच बोलीत ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. तो गावच्या पार्लरमध्ये धो धो चालला. निर्माता, वितरक आणि दुकानदार जवळजवळ एकच असल्यामुळे मधले टक्के वाचले. मात्र सीडी निघाली की तिच्या चोरट्या नकला निघतात, ही या धंद्याची उघडी बाजू.

याच मंडळींवरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ चा. तो थिएटरात आला २०१२ साली, पीव्हीआरच्या वेगळ्या चित्रपटांसाठीच्या शाखेतर्फे, मोजक्या शहरांत. परदेशातही हीच रीत आहे. ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१५ साली अमेरिकेत झाइटगाइस्ट नावाच्या लहान कंपनीने दाखवला. परभाषेतले चित्रपट मन लावून पाहणारा मोजका वर्ग, एवढीच तिची पेठ.

तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्याने चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. प्रेक्षक कोण आणि तो कुठे जमतो, हे कळल्याशिवाय हक्क घेऊ नयेत. नवख्याने आधी कमिशनवर काम करावे, किमान हमीच्या नादी लागू नये. सगळी पुंजी एका चित्रपटात घालू नये. आणि कराराची मुदत, इलाखा, टीव्ही व इंटरनेटचे हक्क कोणाकडे, हे कागदावर घ्यावे. तोंडी शब्दावर थिएटर मिळत नाही.

थोडे गिऱ्हाईक असणे ही खोट नव्हे. थोड्या गिऱ्हाइकावर मोठा खर्च करणे ही खोट आहे. यंत्रमागाच्या गावाने ५० हजारांत चित्रपट काढला आणि तो चालला, कारण खर्च आपल्या गिऱ्हाइकाच्या मापाचा होता. तंबूवाल्याने जत्रेबाहेर तंबू मारला नाही, हाही तोच हिशेब.