आधी बघ, मग लाव

पोरी, बत्तीस वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. पावसाळा लागला की खाजवत येणाऱ्यांची रांग लागायची, आणि जवळजवळ प्रत्येकानं येण्याआधी काहीतरी चोपडलेलं असायचं. कुणी चुना, कुणी बिब्बा, कुणी शेजारणीकडची ट्यूब. मग मूळ दुखणं कोणतं आणि लावल्यानं उठलेलं कोणतं, हे डॉक्टरांनाही चटकन उमगायचं नाही. आता तुझा संसार आहे, कडेवर लेक आहे, म्हणून माझ्याजवळचं तुला देते. एवढं गाठीला बांध: आधी बघ, मग लाव.

बघायचं ते दिवसाउजेडी, खिडकीपाशी. आणि तीन गोष्टी विचारायच्या. खाज कधी सुटते? घरात आणखी कुणाला आहे का? त्या जागी हात लावलेला कळतो का? निम्मं निदान या तीन उत्तरांत असतं.

अंथरुणाला पाठ टेकली की खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, काखेत, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत आणि घरात दोघंतिघं खाजवतायत, तर खरूज समज. डोळ्यांना सहज न दिसणारा एक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे जातात. म्हणजे आज जो खाजवत नाही, त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. म्हणून औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचं मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली लावून 8 ते 12 तास ठेवायचं आणि आठवड्यानं पुन्हा एकदा लावायचं. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यानं धुवायच्या. गोधडीसारखं जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं. किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. घाबरून रोज मलम चोपडू नकोस, कातडी भाजते.

गजकर्णाची ओळख त्याच्या काठावर असते. काठ लालसर, उचललेला, खवल्यांचा; मधला भाग त्या मानानं साफ; आणि गोल दिवसागणिक मोठा होत जातो. जांघेत, कमरेला, जिथं घाम मुरतो तिथं. ही बुरशी आहे, रक्त बिघडल्याचं लक्षण नव्हे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गजकर्ण फार चिवट झालं, आणि त्याला दुकानातून विचारून आणलेल्या मिश्र ट्यूब मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. त्यांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी मोकाट पसरते. पुढं कातडी पातळ होते, जांघेत कायमच्या रेघा उमटतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण नियम कागदावर असतो आणि ट्यूब फळीवर. तू वेष्टन वाचायला शीक: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर आपल्या मनानं लावायचं नाही. बुरशीचं औषध काठाच्या बोटभर बाहेरपर्यंत लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि दमट कपडा अंगावर चढवायचा नाही.

लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांत चिखल्या होतात, बेचकी पांढरी पडून चिरते. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं हे अर्धं औषध. सासऱ्यांना मधुमेह आहे ना? त्यांचे तळवे आणि बेचक्या रोज रात्री तूच बघ. तेवढ्याशा चिरेतून जंतू शिरतात आणि पाय सुजून लाल होतो.

बिब्बा कातडीला कधीही लावू नकोस. त्यानं भाजल्यासारखे फोड येतात. गाजरगवताचंही तसंच. हे गवत 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढं देशभर पसरलं. ते उपटणाऱ्याच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या सुजून खाजू लागल्या तर कारण शेतात शोध. लांब बाह्या, हातमोजे आणि घरी आल्याबरोबर आंघोळ.

छातीच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला आधी आग, ठणका, आणि मग पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा उठला, तर ती नागीण. तिचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे खोटं. औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर सगळ्यांत उपयोगी पडतं, म्हणून लेप आणि उतारे यांत दिवस घालवायचे नाहीत. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आता पांढऱ्या डागांचं. यात माणसं फार घाबरतात, आणि जिथं जागं व्हायला हवं तिथं निवांत राहतात. पोराच्या गालावर फिकट, कोरडा डाग दिसला की लोक जंत म्हणतात. त्याचा जंतांशी संबंध नाही, तो बहुधा आपसूक जातो. पाठीवर, मानेवर डाग असून नखानं खरवडलं की बारीक कोंडा निघतो, ते शिबं. औषधानं जातं, रंग भरायला मात्र काही महिने लागतात. दुधासारखा पांढरा, कोंडा नसलेला आणि स्पर्श कळणारा डाग म्हणजे कोड. ते शिवल्यानं पसरत नाही. कोड असलेल्या मुलीला वेगळं बसवणारं घर तुझं नसावं. कपाळावर टिकलीखालीच डाग पडला तर टिकलीचा गोंद कारण असू शकतो. टिकली त्याच दिवशी बंद.

आणि जो डाग फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही, दुखत नाही, ज्यावर घाम येत नाही, तिथं कापसाची वात फिरव. आधी डोळे मिटायला सांग आणि स्पर्श होईल तिथं बोट ठेवायला सांग. बोट ठेवलं नाही तर आरोग्य केंद्रात ने. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायच्या असतात, आणि वेळेत घेतल्या तर बोटं वाकडी होत नाहीत. माझ्याकडे एक बाई आली होती, भाकरी भाजताना बोटं पोळून काळी पडलेली. तिला चटका कळतच नव्हता. कोपरावरचा चट्टा तीन वर्षांचा होता. दुखत नाही म्हणून कुणी बघितला नव्हता.

खाज माणसाला दवाखान्यात घेऊन येते. न खाजणारा चट्टा घरच्यांनाच शोधावा लागतो, आणि स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. या रविवारी सासूबाईंना तेल लावशील तेव्हा खिडकीपाशी बस आणि त्यांची पाठ नीट बघ. मग त्यांना तुझी बघायला सांग.