संघर्ष : कोणाशीं, कशासाठीं, कशानें?

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ६:१०–१८, कलस्सैकरांस पत्र ४:१२.

‘संघर्ष’ हा शब्द सभांमध्यें, मोर्च्यांत व निवडणुकीच्या फलकांवर नित्य आढळतो. आपल्या मंडळ्यांत कोणी म्हणतात, ख्रिस्ती मनुष्यानें त्यापासून दूर राहावें. कोणी म्हणतात, जो लढत नाहीं तो भित्रा. दोघेही एकच शब्द उच्चारतात, परंतु एकाच गोष्टीविषयीं बोलत नाहींत. म्हणून त्याचे निरनिराळे अर्थ या पाठांत पाहूं.

मूळ अर्थ. संस्कृतांत ‘घृष्’ म्हणजे घासणें. विळा दगडावर घासला म्हणजे त्याला धार येते. रानांत बांबूवर बांबू घासला म्हणजे वणवा पेटतो. घासणें एकच, पण फळें दोन.

१. सत्तेशीं संघर्ष. आमच्या सदर भागाला लागून असलेल्या सिव्हिल लाईन्समध्यें राष्ट्रीय निशाण मिरवीत नेण्यास इंग्रज सरकारनें मनाई केली, तेव्हां १ मे १९२३ पासून नागपुरांत झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगांत गेले. पुढें वल्लभभाई पटेल यांनीं धुरा वाहिली. शेकडों स्वयंसेवकांनीं कैद पत्करली. १८ ऑगस्ट रोजीं निशाणाची मिरवणूक सिव्हिल लाईन्समधून गेली. येथें सत्याग्रहींनीं हुकूम मोडला, पण कोणाचें डोकें फोडलें नाहीं.

२. वर्गसंघर्ष. मार्क्स व एंगल्स यांनीं १८४८ च्या जाहीरनाम्यांत मानवी इतिहास हा वर्गावर्गांचा लढा आहे असें मांडिलें. मजुराची अडविलेली मजुरी देवाच्या कानीं पडते, हें याकोबाच्या पत्रांतही आहे (५:४). तेव्हां न्याय्य मजुरी मागणें हें पाप नव्हे. परंतु समोरचा मनुष्य केवळ ‘वर्ग’ होऊन बसला, तर त्यालाही आत्मा आहे याचा विसर पडतो.

३. माणुसकीसाठीं संघर्ष. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें, पण तें कागदावरच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं आपल्या बांधवांसह तेथील पाणी प्राशन केलें. त्यानंतर जमावानें त्यांच्या लोकांस मारहाण केली, तरी प्रतिकार करूं नका असें त्यांनीं आपल्या माणसांस बजाविलें. पुढें न्यायालयांत लढा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. एका ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें!

जुलै १९४२ मध्यें याच नागपुरांत भरलेल्या परिषदेंत त्यांनीं शिक्षण व संघटना यांजबरोबर जो तिसरा शब्द दिला, तो इंग्रजींत ‘अ‍ॅजिटेट’ असा होता. मराठींत आपण त्याला ‘संघर्ष करा’ म्हणतों. त्या शब्दाचा मूळ भाव ढवळणें, हालविणें असा आहे. ताक घुसळल्यावांचून लोणी वर येत नाहीं; निजलेलें मन ढवळल्यावांचून मनुष्य उठत नाहीं. हा लढा धनासाठीं किंवा सत्तेसाठीं नसून मनुष्याच्या स्वातंत्र्यासाठीं आहे, असाच त्या भाषणाचा आशय होता.

४. अंतरींचा संघर्ष. पौल ज्याला युद्ध म्हणतो, त्यासाठीं ग्रीकमध्यें ‘अगोन’ हा आखाड्यांतील झुंजीचा शब्द आहे. एपफ्रास आपल्या मंडळीसाठीं प्रार्थनेंत झगडत असे, असें सांगतांना पौल त्याच शब्दापासून झालेलें क्रियापद योजितो. आणि इफिसकरांस तो स्पष्ट सांगतो कीं आपलें झगडणें रक्तमांसाच्या मनुष्यांशीं नाहीं.

बोध. याचा अर्थ अन्याय मुकाट्यानें सोसावा असा नव्हे. गांवच्या विहिरीवर कोणास अडविलें, तर आपण अडविलेल्याच्या बाजूस उभें राहावें. मात्र अडविणाराचा द्वेष करूं नये. उलटपक्षीं, मंडळींत पंचाच्या जागेसाठीं अथवा जमिनीच्या तुकड्यासाठीं दोन तट पडतात, आणि त्यालाही ‘संघर्ष’ असें भारदस्त नांव दिलें जातें. तो संघर्ष नव्हे, भांडण होय. त्यानें विळ्यास धार येत नाहीं. घर मात्र जळतें.

उपदेशक बंधूंनीं लोकांस तीन प्रश्न शिकवावे. झगडा कोणाशीं, मनुष्याशीं कीं त्यास बांधून ठेवणाऱ्या अन्यायाशीं? कशासाठीं, स्वतःच्या मानासाठीं कीं शेजाऱ्याच्या हक्कासाठीं? कशानें, दगडानें कीं सत्यानें? तिन्हींचीं उत्तरें प्रभूसमोर देतां येतील, तर निर्भयपणें पुढें व्हावें; न येतील, तर आधीं गुडघे टेकावे.

चर्चेसाठीं प्रश्न. (१) आपल्या गांवांत कोणता अन्याय आपण केवळ भीतीनें सोसतों? (२) आपल्या मंडळींतील कोणतें भांडण आज मिटवितां येईल?