धागा खराब नव्हता

त्रिमितीय विणीचा प्रीफॉर्म (रेझिन भरण्याआधीचा विणलेला आकार) ताकदीला कमी भरला की विणणारे पहिलं बोट धाग्याकडे दाखवतात. आमच्या वाट्यालाही तेच उत्तर आलं, ‘लॉटच खराब असेल’, आणि ते अजून बोचतं, कारण बॉबिनवरून काढून तपासलेला कार्बनचा धागा चोख होता. झीज मागावर होते, तेव्हा ती मागाच्याच खात्यावर मांडली पाहिजे. कार्बनचा एकेक तंतू सुमारे 7 मायक्रॉनचा, साधारण दोन टक्के ताणला की तुटणारा. 12के धाग्यात असे 12,000 तंतू जवळजवळ पिळाशिवाय शेजारी पडलेले असतात. इचलकरंजीत कापसाच्या सुताला सायझिंग करून कांजीचं कवच चढवतात, विणून झालं की धुऊन टाकतात. कार्बनवरचं सायझिंग वजनाने जेमतेम एक टक्का, आणि ते पुढे रेझिनशी सांधा जुळवायला हवं असतं. वाटेल तेवढं थापता येत नाही. त्यात जाड विणीत बाण्याचे अनेक थर एकावर एक भरले जाईपर्यंत ताणा फारसा पुढे सरकत नाही. त्यामुळे ताण्याचा तोच तुकडा हील्डच्या (ताणा उचलणाऱ्या तारांच्या) डोळ्यांत, फणीत आणि दाटीने बसलेल्या शेजारच्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा घासतो.

यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे ‘ताण कमी करा’. पण ढिला ताणा शेडमध्ये (ताण्याच्या वरच्या-खालच्या धाग्यांमधल्या फटीत) लोंबतो, तंतू एकमेकांत अडकतात आणि तूस वाढतं. खरा हिशेब वाटेतल्या वळणांचा आहे. घर्षणगुणांक 0.3 धरला तर अर्ध्या वेढ्याला ताण सुमारे अडीचपट होतो, आणखी अर्ध्या वेढ्याला साडेसहापट. इथे बेरीज नसते, गुणाकार असतो. म्हणून क्रीलपासून (बॉबिनच्या चौकटीपासून) फणीपर्यंतची सगळी वळणं कागदावर मांडून घ्या आणि विणणाऱ्याला एकेक कमी करायला लावा. धागा वळवणारा गाइड आरशासारखा चकचकीत म्हणजे उत्तम, हाही भ्रमच. बारीक मॅट पृष्ठभागावर धागा कमी ठिकाणी टेकतो, म्हणून तो अनेकदा बरा पडतो. आणि कुणी सिलिकॉनचा फवारा घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, नंतर रेझिन चिकटणार नाही. (हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.)

दुसरा आक्षेप जास्त चतुर असतो: बारा हजारांत चार तंतू तुटले म्हणून काय बिघडलं? मेलबर्नच्या आरएमआयटीतल्या मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणकामातली हीच झीज अभ्यासली आहे. ताठरपणा फारसा घटत नाही, ताकद मात्र घटते. कारण उघड आहे: न तुटलेल्या तंतूवरही ओरखडा राहतो, आणि ठिसूळ तंतू ओरखड्यापाशीच तुटतो. म्हणूनच केवळ ताठरपणाचे आकडे पुढे करून ‘माल पास’ म्हणणाऱ्याकडे मी संशयाने बघतो. मागाखाली साचलेलं काळं तूस तर वाहकही असतं; विजेच्या पॅनेलमध्ये शिरलं की शॉर्टसर्किट होऊ शकतं, आणि मग तेवढ्यापुरतं सगळ्यांना ते दिसतं.

बाकी स्वच्छता, वेळेवर देखभाल वगैरे करायची असतेच. पण करारात एक अट घाला: बॉबिनवरचा, हील्डनंतरचा आणि विणलेल्या प्रीफॉर्ममधून उसवून काढलेला, असे एकाच लॉटच्या धाग्याचे तीन नमुने सारख्याच पद्धतीने ताणून तपासले जातील, आणि ते तुमच्या माणसासमोर काढले जातील. या अटीवर ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ म्हणणारा भेटला, तर ॲडव्हान्स देऊ नका.