बिघडलं की ते 'घरगुती'

"घरगुती टूल वापरलं की असंच होणार." भर मीटिंगमध्ये आमचे साहेब क्लायंटला हे ऐकवत होते. नवा लिनक्स सर्व्हर झटपट उभा राहतो म्हणून याच क्लायंटकडून शाबासकी घेताना ते टूल 'आमच्या टीमचं' होतं. बिघडल्यावर माझ्या एकट्याचं झालं.

झेड-व्हीएम म्हणजे मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली. तिच्यावरच्या लिनक्स गेस्ट, म्हणजे लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, बंद-चालू करणं, मिनीडिस्क कॉपी करून नवी गेस्ट काढणं, ही कामं मी रेक्स भाषेत लिहिलेल्या एक्झेकवर, म्हणजे स्क्रिप्टवर, चालायची. विकतचं सॉफ्टवेअर मागितलं की 'बजेट नाही'. मी साताऱ्यातून काम करायचो, सहकारी सांगलीतून. गेस्ट बंद करताना माझा एक्झेक सिग्नल शटडाउन देऊन पाच मिनिटं थांबायचा, म्हणजे डेटाबेस नीट बंद व्हायचा.

एका रविवारी पहाटे डेटाबेस उठेना. ऑपरेटर कन्सोलचा लॉग उघडला, तर लॉगऑफच्या ओळीत शेवटी 'फोर्स्ड बाय मेंट'. मेंट म्हणजे झेड-व्हीएमचा देखभालीचा यूजर. फोर्स म्हणजे चालू मशीनची वायर उपटणं. माझ्या एक्झेकमध्ये तो शब्दच नव्हता! फाइललिस्ट काढली, फाइलची तारीख आदल्या रात्रीची, सिग्नलची ओळ गायब आणि तिथे फोर्स. "मेंटेनन्सची विंडो संपत आली होती, तुमचं टूल थांबून बसतं," हे साहेबांनी फोनवर कबूल केलं. मेलवर मात्र एक अक्षर नाही. मेंटचा पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक, तेव्हा हात कोणाचा हे सिद्ध कसं करणार? सांगलीकर म्हणाला, "सोड की आता." मी सोडलेलं नाही.

आणि घरगुतीला हसता कशाला? रेक्स भाषाच माइक काउलिशॉ यांनी 1979 मध्ये स्वतःच्या फावल्या वेळात लिहायला घेतली होती.

असो. असली टूल्स लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: एक्सएडिट हा तिथला एडिटर जुनी प्रत ठेवत नाही, म्हणून एक्झेकची मूळ प्रत मेनफ्रेमबाहेर गिटमध्ये ठेवा. गेस्ट क्लोन करताना डिस्क एमआर मोडने लिंक करा. दुसरा कोणी लिहीत असेल तर एमआर फक्त वाचू देतो. एमडब्ल्यू दोघांनाही लिहू देतो आणि फाइलसिस्टिमचा चुथडा होतो. क्लोनची मशीन-आयडी आणि एसएसएच होस्ट की नव्याने बनवा. रूटच्या पासवर्डमध्ये # किंवा @ नको: 3270 कन्सोलवर # म्हणजे ओळ संपली, @ म्हणजे मागचं अक्षर खोडलं. तोंडी आदेश मेलवर मागा. राग आला तर येऊ दे.

मेंटला लॉगऑनबाय लावून त्याचा सामायिक पासवर्ड बंद केला, की तिथेही प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पासवर्डने शिरावं लागतं. आपल्याकडची जी पोरं मेनफ्रेमवर रुजू होताहेत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारावं, मेंटला कोण कोण लॉगऑन होतं? उत्तर 'सगळेच' असं आलं, तर लॉगऑनबाय लागेपर्यंत स्वतःच्या नावाचं टूल तिथे ठेवू नका.