धडा : ड्रेस्डेन येथील मंदिराचा ऑर्गन

वाचावयाचा भाग : स्तोत्र १५०.

भजनाची पेटी आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या भात्याचा वारा धातूच्या सुरांस कंप देतो. मोठ्या ऑर्गनांत तोच वारा लहानमोठ्या नळ्यांत शिरतो आणि बहुतेक नळ्या बांसरीप्रमाणें वाजतात. अशाच एका ऑर्गनाची ही हकीकत आहे.

जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं फ्राउएनकिर्शे नांवाचें प्रॉटेस्टंट मंदिर आहे. त्यासाठीं गॉटफ्रीड झिल्बरमान या नामांकित कारागिरानें ४३ प्रकारच्या आवाजांचा ऑर्गन बांधला. तो २५ नोव्हेंबर १७३६ रोजीं समर्पित झाला, आणि १ डिसेंबर रोजीं थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनीं तो वाजविला. दोनशें वर्षांहून अधिक काळ मंडळीनें त्याच्या साथीनें देवाचें स्तवन केलें.

१९४५ च्या फेब्रुवारींत शहरावर बाँबवर्षाव झाला. आगीनें तापलेलें मंदिर १५ तारखेस कोसळलें व ऑर्गनही नाश पावला. पुढें सुमारें पन्नास वर्षें तेथें दगडांचा ढीगच होता. १९९४ सालीं पुनर्बांधणी सुरू झाली व ३० ऑक्टोबर २००५ रोजीं मंदिराचें पुन्हा समर्पण झालें.

मध्यंतरीं मोठा वाद उत्पन्न झाला. कित्येक म्हणत, "झिल्बरमानचा ऑर्गन जसाच्या तसा करा, नाहींतर मंदिर अपुरें राहील." दुसरे म्हणत, "बाखनंतरचीं गीतेंही मंडळीस गावयाचीं आहेत. तीं त्यावर नीट कशीं वाजतील?" दोन्ही पक्षांस मंदिर प्रिय होतें. अखेर दर्शनी भाग जुन्यासारखा केला. आंतील ऑर्गन मात्र स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्न यांनीं नवा बांधला. त्यांत ४,८७३ नळ्या आहेत. स्वरपट्ट्यांच्या तीन ओळी झिल्बरमानच्या धर्तीवर आहेत, व चौथी नंतरच्या काळांतील संगीतासाठीं वाढविली आहे. झिल्बरमाननेंही ही विद्या स्ट्रासबुर्ग येथेंच आपला भाऊ आंद्रेआस याजपाशीं शिकून घेतली होती. तथापि हुबेहूब नक्कल हवी होती त्यांचें समाधान झालें नाहीं.

बंधुभगिनींनो, यांतून बोध घ्यावा. वडिलांनीं दिलेल्या वस्तूचा आदर करावा, परंतु वस्तु ज्या कामासाठीं होती तें काम विसरूं नये. ऑर्गन गायनासाठीं आहे व गायन देवासाठीं आहे.

प्रश्न : (१) जुना ऑर्गन कसा नाश पावला? (२) दोन पक्षांचें म्हणणें काय होतें? (३) आपल्या मंडळींत जुन्या व नव्या चालींविषयीं मतभेद झाल्यास आपण कसें वागावें?