महाविद्यालयाच्या दारी आलेली मुलाखत

पदवी हाती पडण्यापूर्वीच नोकरीचे पत्र हाती पडावे, ही गोष्ट एका पिढीपूर्वीच्या पालकांना नवलाची वाटली असती. शिक्षण संपले की तरुणाने जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे, वृत्तपत्रांतील जाहिराती पाहाव्यात, अर्ज धाडावेत आणि पोस्टमनची वाट पाहावी, असा त्या काळचा क्रम होता. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पुढे नव्वदीच्या दशकात माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग वाढीस लागला आणि एकाच वेळी शेकडो पदवीधरांची गरज असणाऱ्या कंपन्या स्वतःच महाविद्यालयांच्या आवारात येऊ लागल्या. आज सर्वत्र ‘कॅम्पस’ या एका शब्दाने ओळखली जाते ती हीच पद्धत.

ज्या घरात कोणी अभियंता किंवा कंपनीतील अधिकारी आहे, तेथील मुलांना या पद्धतीची माहिती जेवणाच्या ताटावरच मिळते. खेड्यातून आलेल्या, घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याने आजवर दिलेल्या प्रत्येक परीक्षेला नेमलेले पुस्तक होते. या परीक्षेला ते नाही. तिचा निकाल मात्र एका दिवसात लागतो आणि त्यावर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते, धाकट्या भावंडांचे शिक्षण असे पुष्कळ काही अवलंबून असते. शिवाय या परीक्षेत जे तपासले जाते त्यातील बराच भाग महाविद्यालयात नव्हे, तर शाळेत आणि गावात घडलेला असतो. म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनाही तिचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिली चाळणी

कंपनी येण्यापूर्वीच तिच्या अटी महाविद्यालयाच्या प्रशिक्षण व नियुक्ती कक्षाकडे येतात. दहावी, बारावी किंवा पदविका आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्के गुण असावेत व एकही विषय राहिलेला नसावा, अशी अट अनेक कंपन्या घालतात. याचा अर्थ असा की, दहावीत अठ्ठावन्न टक्के मिळवून पुढे पदवीला उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही अशा कंपनीच्या दारातूनच परत फिरतो. दहावीचा निकाल पाच-सहा वर्षांनी असा आडवा येऊ शकतो, हे दहावीच्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकांनी वर्षारंभीच सांगितलेले बरे. ‘पुढे भरून काढू’ हे आश्वासन येथे लागू पडत नाही.

यानंतर संगणकावरील चाचणी होते. अंकगणित, तर्क, अक्षरमालिका, सांकेतिक भाषा, थोडे इंग्रजी आणि बहुधा संगणक प्रणालीचे काही प्रश्न, असे तिचे स्वरूप असते. हे नाव ऐकून विद्यार्थी बिचकतात व महागड्या शिकवणीच्या शोधात निघतात. वस्तुतः शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतील मानसिक क्षमता चाचणी ही याच कुळातील होत. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत या परीक्षांचा सराव सर्व वर्गाकडून करून घेतला जातो, तेथील मुलांना पुढे ही चाचणी परकी वाटत नाही. जेथे निवडक चार हुशार मुलांनाच बसविले जाते, तेथे उरलेल्यांचे नुकसान होते आणि ते दिसायला पुष्कळ वर्षे लागतात.

गटचर्चा

काही कंपन्या चाचणीनंतर आठ-दहा उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून एखादा विषय देतात व पंधरा मिनिटे चर्चा करावयास सांगतात. परीक्षक बाजूला बसून टिपणे घेतो. जो प्रथम व मोठ्याने बोलेल तो निवडला जातो, असा विद्यार्थ्यांचा एक दृढ समज आहे. परिणामी सगळेच एकदम बोलतात आणि काहींच्या तोंडून शब्दही निघत नाही. परीक्षक पाहतो ते निराळेच: दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला जोडून बोलता येते काय, मतभेद असता तोल राहतो काय, भरकटलेला विषय मूळ जागी आणता येतो काय. नळजोडणीच्या प्रश्नावर तापलेली ग्रामसभा ज्याने लक्षपूर्वक पाहिली आहे, त्याला हे कौशल्य नवे नाही. सभा कोणामुळे उधळली आणि कोणामुळे ठरावापर्यंत पोहोचली, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना पंचायतीने ग्रामसभेस आवर्जून बोलाविले तर त्यात दोन्ही पक्षांचा लाभ आहे.

खुर्चीच्या समोर

खरा प्रसंग मुलाखतीचा. उदाहरणादाखल विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, कोरडवाहू भागातील एका गावचा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. त्याने मित्राकडून कोट मागून आणला आहे. (या कोटाची चिंता मुलांना जितकी असते तितकी ती मुलाखत घेणाऱ्यास नसते, स्वच्छ, इस्त्री केलेला सदरा पुरेसा होतो.) ‘स्वतःविषयी सांगा’ या पहिल्या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर त्याने पाठ केले आहे. त्यात आपण कष्टाळू आहोत, वाचन व क्रिकेट हे छंद आहेत, असे सांगितले आहे. त्याच्या आधी आत गेलेल्या अनेकांनी जवळजवळ हेच उत्तर दिलेले असते.

मग प्रकल्पाचा प्रश्न येतो. चार विद्यार्थ्यांच्या गटाने सादर केलेला हा प्रकल्प शहरातील एका दुकानातून तयार विकत आणलेला आहे. तो काय करतो हे त्याला सांगता येते. ‘हाच भाग का निवडलात? पहिल्यांदा चालू केला तेव्हा काय बिघडले?’ या प्रश्नांशी मात्र तो थांबतो, कारण त्याच्या हातून काहीच बिघडलेले नसते. मुलाखत घेणारे जाणत्या पेशातील असतात. दोन प्रश्नांत त्यांना उमगते. अशी प्रकल्पखरेदी ही आज अनेक महाविद्यालयांतील उघडी रीत आहे आणि विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे नुकसान तीच करते, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

शेवटी सहज विचारले जाते, ‘घरी काय असते?’ तो खालच्या आवाजात ‘शेती’ एवढेच सांगतो.

आता याच विद्यार्थ्याची दुसरी बाजू पाहू. घरच्या विहिरीवरील मोटार तो नववीत असल्यापासून सांभाळतो. तीनपैकी एक फेज गेली असताना चालू राहिलेली मोटार उरलेल्या फेजमधून जास्त प्रवाह ओढते, वेटोळी तापतात आणि ती जळते, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी गावात पाहिले आहे. त्यावर उपाय म्हणून पेटीत फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण त्याने वायरमनच्या हाताखाली बसविले आहे. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर का लागतो, हे तो अनुभवाने सांगू शकतो. थेट चालू केलेली मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते; स्टार जोडणीत तो एक तृतीयांशावर येतो आणि मोटारीने वेग घेतल्यावर जोडणी डेल्टात बदलते. ‘काय बिघडले, कसे शोधले, काय केले’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ तयार आहेत. मुलाखत घेणाऱ्यास नेमके हेच हवे असते. पण हे सांगण्याजोगे आहे, असे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही. शाळेत ‘घरची कामे’ आणि ‘अभ्यास’ यांची नेहमी फारकतच केली गेली; त्याचे हे फळ.

हे फळ टाळता येण्यासारखे आहे. आठवीपासून दर आठवड्याला वर्गातील दोघा-तिघांनी उभे राहून स्वतःच्या हातांनी केलेल्या एखाद्या कामाविषयी दोन मिनिटे बोलावे, प्रथम मराठीत व काही महिन्यांनी इंग्रजीत, एवढा उपक्रम कोणत्याही शाळेस विनाखर्च करता येईल. विषय ठिबकच्या नळ्या साफ करण्याचा असो, शिलाई यंत्राचा असो की दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश मोजण्याचा असो. ऐकणाऱ्यांनी ‘का?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारावेत. इंग्रजीची भीती पुष्कळशी येथेच ओसरते. मुलाखतीत साहेबी उच्चार लागत नाहीत, छोटी व पूर्ण वाक्ये लागतात. आणि जे आपण स्वतः केले आहे त्याबद्दलचीच वाक्ये सर्वांत लवकर जुळतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. ‘बंगळूर किंवा चेन्नईस जाण्याची तयारी आहे काय? रात्रपाळी चालेल काय?’ या प्रश्नावर अनेकजणी ‘घरी विचारून सांगते’ असे उत्तर देतात, आणि तेथेच संधी हुकते. विचारणे गैर नाही, पण ते मुलाखतीच्या आधी घरी झालेले असावे. रात्रपाळीबाबत कायदाही पालकांना माहीत हवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि तिच्या संरक्षणाची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करावयाची असते.

पत्रातील आकडा

निवड झाली की गावात पेढे वाटले जातात आणि वार्षिक ‘पॅकेज’चा आकडा तोंडोतोंडी फिरतो. या आकड्याचा अर्थ लावणे जरुरीचे आहे. समजा, पत्रात ३ लाख ६० हजार रुपये आहेत, म्हणजे महिना ३० हजार. मूळ वेतन १५ हजार धरले तर त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा १,८०० रुपये, उपदानाची तरतूद सुमारे ७२० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम दहा टक्के असल्यास ३,००० रुपये, हे सारे त्या ३० हजारांतच धरलेले असते. राहिले २४,४८०. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा १,८०० व व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हाती २२,४८० रुपये पडतात. (२०२३ पासून महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत मासिक वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे, म्हणून याच पदावरील मुलीच्या हाती २०० रुपये अधिक येतात.) कर्जाचा हप्ता ठरविताना, किंवा मुलाच्या भरवशावर घर बांधावयास काढताना, हिशेब या खालच्या आकड्यावर करावा.

पत्रातील बंधपत्राचा भागही वाचून घ्यावा. ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट असली तर ‘असली कागदे कोर्टात टिकत नाहीत’ या ऐकीव समजुतीवर विसंबू नये. एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरविली आहे. अनेक महाविद्यालयांत एका विद्यार्थ्यास एकच नोकरी हा नियम असतो. पहिली निवड स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. तोही आधी समजून घ्यावा. तसेच निवड म्हणजे रुजू होणे नव्हे. २०२२ मध्ये निवडपत्रे मिळालेल्या कित्येक अभियंत्यांना माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मंदीमुळे वर्षाहून अधिक काळ घरी थांबावे लागले होते. आणि नोकरीसाठी अनामत रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रे मागणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी व्यवहार न करणे हेच श्रेयस्कर.

गावाकडून होण्यासारखे

रुजू होण्याच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, पॅनवर वडिलांचे नाव निराळे, अशी विसंगती निघाली की धावपळ सुरू होते. तिचे मूळ बहुधा पहिलीच्या वर्गातील नोंदवहीत असते. विद्यार्थी शाळेत असतानाच मुख्याध्यापकांनी नाव, जन्मतारीख व इंग्रजी स्पेलिंग पालकांसमक्ष एकदा ताडून घ्यावे. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती फार किचकट होऊन बसते.

२०२० नंतर अनेक चाचण्या व प्राथमिक मुलाखती घरूनच, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर द्याव्या लागू लागल्या. मध्येच वीज गेली अथवा इंटरनेट तुटले तर परीक्षा तेथेच संपते. ज्या ग्रामपंचायतीत इंटरनेट व इन्व्हर्टर आहे, तेथे विद्यार्थ्याला दोन तासांसाठी बंद दाराची एक खोली मिळावी. ग्रामसेवकांनी वेळ लिहून ठेवली आणि त्या वेळेत बैठक घेतली नाही, एवढ्याने काम भागते.

ज्यांची निवड होत नाही त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक यांचाही त्यात समावेश झाला. पश्चिम विभागासाठी त्याचे मंडळ मुंबईत आहे. राज्याच्या वीज कंपन्या, एस.टी. महामंडळ व खासगी कारखाने असे उमेदवार घेतात, विद्यावेतन देतात आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळते. विहिरीवरच्या मोटारीप्रमाणेच उपकेंद्रातील ते वर्षही पुढच्या मुलाखतीत तपशिलाने सांगता येते.